राहिलेलं जावळ

त्या वर्षी अख्ख्या हॉलंडचे केस वाढले होते. करोनामुळे मार्चच्या मध्याला न्हाव्यांची दुकानं बंद झाली आणि एप्रिल संपेपर्यंत रस्त्यावरची भली भली माणसं ओळखू येईनाशी झाली. आमचे जावई प्रतीकराव ऑफिसच्या मीटिंगला कॅमेऱ्यासमोर बसताना वैदेहीचा हेअरबँड लावायचे आणि वर मलाच विचारायचे, "आई, दिसत नाही ना?" चांगला गुलाबी हेअरबँड. दिसणार कसा नाही?

या सगळ्या गोंधळात एकाच माणसाचं डोकं जसंच्या तसं होतं. शेजारच्या सेफनाट यारंगांचं. पांढरेशुभ्र, गोल, दाट केस, पिंजलेल्या कापसाचे असावेत तसे. बायको गेल्यापासून ते स्वतःच स्वतःचे केस कापत. न्हावी उघडा असो नाहीतर बंद, त्यांना काही फरक पडत नव्हता.

मी उइटहॉर्नला वैदेहीकडे आले ती फेब्रुवारीत, तीन महिन्यांच्या बोलीवर. आदल्या जुलैत तिचं बाळंतपण झालं तेव्हा माझा गुडघा आडवा आला होता, म्हणून आता निवांत नातू बघायचा आणि मेमध्ये कराडला परत, असा बेत होता. नातवाचं नाव हरिहर. हल्ली बाळांना पणजोबांची नावं ठेवायची फॅशन आहे. आमच्या वीज मंडळाच्या ऑफिसात हरिहर नावाचे एक कडक साहेब होते, त्यामुळे त्या गोंडस बाळाला हाक मारताना मला सुरुवातीला उठून उभं राहावंसं वाटे.

मग विमानं बंद झाली आणि मी अडकले. कराडचे लोक फोनवर हळहळत विचारायचे, कंटाळा येत असेल नाही? खोटं कशाला बोलू, अजिबात आला नाही. नातू मांडीवर, लेक डोळ्यांसमोर, भाजी दारात येऊन पडते. तक्रार करायची म्हटली तरी जमेना. आणि कुंपणापलीकडे सेफदादा होते.

अर्थात पहिल्या दिवशी ते सेफदादा नव्हते. मागच्या अंगणात मी दुपटी वाळत घालत होते आणि ते पलीकडे एका बोटीचं इंजिन उघडून बसले होते. काळेसावळे, रुंद खांद्यांचे, सत्तरीच्या पुढचे. मी सरळ विचारलं, "तुम्ही आफ्रिकेतले का?"

आतून वैदेहीचा आवाज आला, "आई! असं विचारायचं नसतं गं इथे!"

ते मात्र मोठ्याने हसले. त्यांचं इंग्रजी डच वळणाचं, माझं कराडचं, पण दोघांचंही तोडकंमोडकं असल्यामुळे आमचं चांगलं जमलं. "आयुष्यभर हाच प्रश्न," ते म्हणाले. "आफ्रिका नाहीतर सुरिनाम. थांबा जरा." आणि आतून एक जुना पृथ्वीचा गोल घेऊन आले. कुंपणावर ठेवून त्यांनी तो फिरवला. आफ्रिका गेली, आपला देश गेला, इंडोनेशियाची सगळी बेटं गेली, आणि ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर पक्ष्यासारखं दिसणारं एक थोरलं बेट आलं. न्यू गिनी. त्या पक्ष्याच्या मानेपाशी, समुद्रात, निळ्या पेनाने काढलेला एक ठिपका होता.

"हे बिआक. माझं बेट," ते म्हणाले. "गोल छापणाऱ्यांनी गाळलं होतं, म्हणून मी काढलं."

तिथून पूर्वेला फिजीपर्यंत पसरलेल्या सगळ्या बेटांना मिळून मेलानेशिया म्हणतात, हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे काळी बेटं. "नाव गोऱ्यांनी ठेवलं," ते म्हणाले. "आम्हाला कुणी विचारलं असतं तर आम्ही निळी म्हटलं असतं. आम्हाला पाणीच दिसतं, स्वतःचा रंग कशाला दिसेल?" त्यांचे पूर्वज दोन बाजूंनी आले. एक आले फार म्हणजे फारच जुन्या काळी, आफ्रिकेतून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत, आणि मध्ये समुद्र लागेल तिथे तो ओलांडत. दुसरे आले त्यानंतर कितीतरी हजार वर्षांनी, आधाराचं लाकूड बांधलेल्या होड्यांतून. बिआकचे लोक दोघांचे. "ते पहिले चालत आले ना, ते बहुतेक तुमच्या देशाच्या किनाऱ्यावरूनच गेले, असं विद्वान सांगतात."

"मग आमच्याकडे पाणी तरी प्यायले असतील," मी म्हटलं.

"पाण्यावर नसेल भागलं. जेवलेच असतील," ते म्हणाले, आणि मला तो माणूस आवडला.

पुढे संकष्टीला मी साबुदाण्याची खिचडी केली आणि एक डबा कुंपणावर ठेवून दीड मीटर मागे सरकले. तेव्हा तसंच देणंघेणं चाले. त्यांनी झाकण काढलं, एक दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला आणि त्यांचे डोळेच मोठे झाले. "हे तर माझ्या झाडाचं!" त्यांच्याकडे साबुदाण्याचा माड असतो. त्याचं खोड फोडून, कुटून, धुऊन पीठ काढतात आणि त्यावर गाव जगतं. आपला साबुदाणा दुसऱ्याच कंदाचा असतो, हे प्रतीकरावांनी लगेच गूगल करून सांगितलं, पण त्यांना तिथे कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सेफदादांकडून त्यांची पापेडा आली. त्या पिठाची उकड. दिसायला थेट खळ, पोस्टर चिकटवायची. सोबत हळद घातलेलं माशाचं कालवण. मी मासे खात नाही, म्हणून ते वैदेहीने खाल्लं आणि उकड मी लिंबाच्या लोणच्याबरोबर खाल्ली. हे कळल्यावर ते म्हणाले, "लोणचं थोडं इकडे द्या." तेव्हापासून लोणच्याची बरणी आमच्या घरात कमी आणि कुंपणावर जास्त राहू लागली.

बोलता बोलता त्यांचं आयुष्य कळत गेलं. बिआक तेव्हा डचांच्या ताब्यात होतं. बोटीच्या इंजिनांचं काम शिकायला डच सरकारने एकोणीस वर्षांच्या सेफला इकडे पाठवलं, एका वर्षासाठी. ते साल बासष्ट. वर्ष पुरं व्हायच्या आतच तिकडे झेंडा बदलला, पुढे बेट इंडोनेशियाकडे गेलं आणि सेफ इथेच राहिले. आधी कागद नव्हते, मग परत गेल्यावर काय होईल याची भीती होती, मग आल्समेरला बोटी दुरुस्त करायची नोकरी लागली, डच बायको मिळाली, घर झालं. मूलबाळ झालं नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. हे सगळं ते इंजिनाला तेल देत देत सांगत, कुरकुर न करता. संध्याकाळी पायरीवर बसून लहानशी गिटार वाजवत आणि आमचा हरिहर कुंपणाच्या फटीतून हात घालून नाचे.

"तुम्ही तीन महिन्यांसाठी आलात ना?" ते मला चिडवायचे. "मी एका वर्षासाठी आलो होतो. जपून राहा."

मे संपत आला. हरिहरला अकरावा महिना लागायची वेळ आली आणि माझ्या डोक्यात त्याचं जावळ आलं. आमच्याकडे ते अकराव्या महिन्यातच करतात. मामाने मांडीवर घ्यायचं, पहिल्या बटेला कात्री लागायची, नवे कपडे, औक्षण, गोडाचं जेवण. पण मामा, म्हणजे माझा अभिजित, पुण्यात. मेचं त्याचं तिकीट केव्हाच रद्द झालेलं. वैदेही म्हणाली, "आई, तिसऱ्या वर्षी करू. इट्स ओके." तोवर त्या पोराच्या डोळ्यांवर केस येऊन तो सोफ्याला धडकायला लागला होता. मला काही ते ओके वाटेना.

मी म्हटलं, मामा हवा ना? मानलेला भाऊ, मानलेली बहीण आपल्याकडे किती असतात. शेजारी एवढा भला माणूस आहे. माझा भाऊ, म्हणजे वैदेहीचा मामा म्हणू, मामा तो मामा. शिवाय जूनपासून लहान मुलांना अंतराचा नियम नाही, असं जाहीर झालं होतं. मी कुंपणाशी गेले आणि कुणाला चहाला बोलवावं तितक्या सहज म्हटलं, "दादा, आमच्या हरिहरचे पहिले केस कापायचेत. त्याला आईच्या भावाची मांडी लागते. तुम्ही फक्त मांडीवर घेऊन बसा. फोटोपुरतं."

ते इंजिनावर वाकलेले होते. सावकाश उभे राहिले. "आईचा भाऊ?" त्यांनी विचारलं. "तुमच्याकडेही आईचाच भाऊ?"

"हो, मामाच. का?"

त्यांनी हात पुसले, आत गेले आणि दार लावून घेतलं.

मग दोनतीन दिवस ना गिटार, ना लोणचं. मी चुळबुळले. वैदेही म्हणाली, "तू काय बोललीस त्यांना?" मी म्हटलं, काही नाही. आणि खरंच मला कळत नव्हतं मी काय बोलले ते.

चौथ्या दिवशी सकाळी ते कुंपणाशी आले. ते मला मेव्राऊ म्हणत, म्हणजे डचमध्ये बाई. म्हणाले, "मेव्राऊ शैला, मला ते करता येणार नाही. पण का नाही, ते सांगायला हवं."

त्यांची एक थोरली बहीण. दोर्सिला. आई लवकर गेली म्हणून हिनेच सेफला वाढवलं. रोज सकाळी बांबूच्या दातांच्या फणीने त्याचे केस विंचरायची आणि तो हलला की मूठभर केस धरून ओढायची. सेफ हॉलंडला निघाला तेव्हा दोर्सिलाच्या कडेवर पहिला मुलगा होता, यान्से, नुकता जन्मलेला. त्यांच्या घराण्यात मुलाचे पहिले केस आईचा भाऊच कापतो. गाव जेवतं, रात्रभर गाणी होतात, आणि त्या दिवसापासून तो माणूस खरा मामा. "तुम्ही म्हणता फोटोपुरतं," ते म्हणाले. "आमच्याकडे केस कापले की संपत नाही, तिथून सुरू होतं. पुढे भाचा जे मागेल ते मामाने द्यायचं. होडी, लग्न, सगळं. मरेपर्यंत."

दोर्सिलाला भाऊ एकच. निघताना सेफने तिला सांगितलं होतं, याच्या केसांना कुणाला हात लावू देऊ नकोस, वर्षभरात येतो.

"तिने नाही लावू दिला. पोरगा सात वर्षांचा झाला तरी केस पाठीवर. मुलं मुलगी म्हणून चिडवायची. शेवटी शाळेत घेईनात, तेव्हा तिने स्वतःच्या हाताने कापले. मग मला पत्र लिहायचंही बंद केलं. हे मला एका पाद्र्याकडून कळलं." मग ते म्हणाले, "मी एका मुलाचा मामा व्हायचा राहिलोय. दुसऱ्याच्या डोक्याला कोणत्या तोंडाने हात लावू?"

मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. पण माझा स्वभाव असा की वाईट वाटलं की आधी राग येतो.

"हा यान्से आहे ना अजून?" मी विचारलं.

"आहे. त्याच्या मुलीने, मार्थाने, मला फेसबुकवर शोधलं. नाताळला मेसेज पाठवते. मी अंगठा पाठवतो."

"अंगठा!" मी कपाळावर हात मारला. "आणि बहीण?"

"तीही आहे. माझ्याशी बोलत नाही."

"तुम्ही बोललात का?"

त्यांनी कुंपणाची एक सैल फळी दाबून बसवली.

"वय काय आता भाच्याचं?"

"अठ्ठावन्न."

"मग कापा की केस. कशाची वाट बघताय, पंच्याहत्तरीची?"

"फोनवरून केस कापतात का कुठे?"

आता मात्र मी कंबर कसली. म्हटलं, दादा, ऐका. याच महिन्यात माझ्या पुतणीचं, सुनीतीचं, लग्न लागलं. भटजी सांगलीत, नवरानवरी बंगळूरच्या फ्लॅटमध्ये आणि आम्ही इथे टीव्हीपुढे अक्षता टाकतोय. सोफ्याखालून अजून तांदूळ निघतात. लग्न लागलं ना? अगदी व्यवस्थित लागलं, भांडणंसुद्धा सुरू झाली. या वर्षी कुणीच कुठे पोचत नाहीये. न आल्याबद्दल तुम्हाला कुणी बोल लावणार नाही असं हे एकच वर्ष आहे. पुढच्या वर्षी ही सवलत राहील की नाही कोण जाणे.

ते कुंपणाला टेकले. मग म्हणाले, "ती नाही म्हणाली तर?"

"तर निदान तिच्या तोंडून नाही ऐकाल. इतकी वर्षं तुम्ही तिच्या वतीने स्वतःच म्हणताय."

मार्थाला मेसेज गेला. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. आजी काही बोलली नाही, पण शनिवारी अंगण झाडून घ्यायला सांगितलंय. याचा अर्थ काय असेल यावर वैदेही आणि प्रतीकराव तासभर चर्चा करत होते. मला अर्थ पहिल्या झटक्यात कळला होता.

शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडे उन्हं कलताना, प्रतीकरावांनी आपला टॅबलेट सेफदादांच्या बाकावर उलट्या बादलीला टेकवून दिला आणि उडी मारून आमच्या बाजूला परत आले. सेफदादांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. केस बांबूच्या फणीने विंचरून आणखीच गोल केले होते. हातात बोटीचं कापड कापायची मोठी कात्री.

पडद्यावर अंगण आलं. झाडलेलं. माडांचे बुंधे, पत्र्याचं छप्पर, चाळीसएक माणसं, आणि मधोमध लाकडी खुर्चीत एक म्हातारी. तिचेही केस तसेच, कापसाचे. ती पडद्याकडे बघत नव्हती, बाजूला बघत होती. मार्था शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे आम्हाला सगळं तिच्याकडून कळत होतं. सेफदादा त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. म्हातारी बाजूलाच बघत राहिली. मग एक दांडगा माणूस पुढे आला, तिच्या पायाशी खाली बसला आणि त्याने टोपी काढली.

यान्सेच्या डोक्यावर एक केस नव्हता. तुळतुळीत. तिकडचं कललेलं ऊन त्यावरून चमकत होतं.

इकडे सेफदादांची कात्री हवेतच राहिली. त्यांचं तोंड असं झालं की आता रडतात की काय. तेवढ्यात म्हातारीने पहिल्यांदा पडद्याकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाली. सगळं अंगण हसायला लागलं. मार्था हसत हसत आम्हाला सांगत होती, "आजी म्हणते, मी थांबले, केस नाही थांबले."

सेफदादाही हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. कात्री त्यांनी खाली घेतली. मी मनात म्हटलं, झालं, हा माणूस आता दार लावून घेणार आणि पुन्हा उघडणार नाही. मी कुंपणाला धरून मराठीतच ओरडले, "मार्था, दाढी! दाढी आहे की त्याला!"

होती ना. छातीपर्यंत, पांढरी, दाट, मामाच्या केसांसारखीच. वैदेहीने ते इंग्रजीत मार्थाला सांगितलं, मार्थाने पुढे. अंगणात कुजबुज झाली, दोन म्हातारे काहीतरी वाद घालू लागले. दोर्सिलाने हात वर केला तसे सगळे थांबले. तिने कुणाकडून तरी कात्री मागून घेतली आणि भावाकडे बघत बोलली. हे मार्थाने जरा हळू आवाजात सांगितलं. "आजी म्हणते, एकदा मी याचे केस कापले तेव्हा तो माझा मान नव्हता. आज हात माझा आणि कापणारा तू. चालव."

सेफदादा काहीतरी पुटपुटले, मग गायला लागले. गाणं नव्हे, लांब हाक घातल्यासारखं. तिकडून सगळ्यांनी ते उचललं. उइटहॉर्नच्या अंगणात त्यांनी रिकाम्या हवेत कात्री चालवली. इंटरनेट जरा मागे होतं, त्यामुळे क्षणभर काहीच झालं नाही. मग दूर बिआकमध्ये दाढीची एक बट कापली गेली आणि दोर्सिलाच्या मांडीत पडली.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. प्रतीकरावांनी गुलाबी हेअरबँड काढून डोळे पुसले. दोर्सिला मात्र रडलीही नाही आणि भावाला काही गोड बोललीही नाही. बट अंगावरच्या कापडाच्या टोकाला बांधली, उठली आणि स्वयंपाक बघायला निघून गेली.

यान्से मात्र पडद्याच्या अगदी जवळ आला. त्याच्या प्रचंड तोंडावर लहान पोरासारखं हसू होतं. "मामा," तो म्हणाला, "आता मागू?"

सेफदादा ताठ झाले. "माग."

यान्सेने फोन उचलला आणि चालायला लागला. अंगण संपलं, वाळू आली, एक होडी आली आणि होडीच्या मागे उघडं पडलेलं एक इंजिन आलं. तीन आठवडे बंद होतं म्हणे. बेटावर तेव्हा बाहेरून कुणी येत नव्हतं आणि दुरुस्त करणारा दुसऱ्या बेटावर अडकला होता. "मामा, हे चालू करून द्या."

पुढचे दोन तास सेफदादांनी जो आरडाओरडा केला तो मी जन्मात विसरणार नाही. प्लग काढ. पूस. वास घे, कसला येतोय? अरे पेट्रोलचा की पाण्याचा? तो नाही, डावीकडचा स्क्रू! आमची जेवणं झाली, हरिहर झोपून उठला, तरी ते बादलीपुढे उकिडवे बसून टॅबलेटवर खेकसत होते. आयुष्यभर साठवलेला सगळा मामेपणा एका दुपारी बाहेर येत होता. शेवटी तिकडे अंधारात काहीतरी खोकलं, पुन्हा खोकलं आणि धडधडायला लागलं. सेफदादा उभे राहिले, गुडघे धरून हसले आणि मग आमच्याकडे वळले.

"मेव्राऊ शैला," ते म्हणाले, "तुमच्या हरिहरचे केस कधी कापायचेत?"

मी पंचांग बघून येते म्हटलं, तर ते म्हणाले, "आधी विचार करा. मी फोटोपुरता होणार नाही. हा मोठा होऊन माझ्याकडे काहीबाही मागेल."

"मागू दे," मी म्हटलं. "आणि मला आता मेव्राऊ म्हणू नका. भाऊ बहिणीला मेव्राऊ म्हणतो का?"

जून संपायच्या आत जावळ झालं. मागच्या अंगणात रांगोळी, खुर्चीवर सेफदादा, तोच पांढरा सदरा. वैदेहीने पुरणपोळ्या केल्या होत्या, त्यातल्या दोन फुटल्या होत्या, त्या प्रतीकरावांना दिल्या. एका फोनवर पुण्याहून अभिजित, दुसऱ्यावर मार्था. सेफदादांनी तिला मुद्दाम बोलावलं होतं. ते म्हणाले, करताना कुणीतरी आपलं बघायला हवं. तिच्या मागे अंगणात बरीच मंडळी होती. दोर्सिलाची खुर्ची मात्र रिकामी होती.

अभिजित फुरंगटून म्हणाला, "आई, सगळं त्यांनीच केलं तर मी आल्यावर मला काय उरलं?"

"तुला दाढीचा मान," मी म्हटलं. यावर तिकडचं अख्खं अंगण हसलं, मार्थाने सांगायच्या आधीच. दाढी हा शब्द त्यांना एव्हाना पाठ झाला होता.

मी औक्षण केलं. सेफदादांचंही केलं. हरिहरला त्यांच्या मांडीवर दिला. मला वाटलं होतं रडेल, पण त्याने मान वर करून त्या पांढऱ्या गोल केसांकडे टक लावून बघितलं. कुंपणाच्या फटीतून इतके दिवस जे नुसतं लांबून दिसत होतं, ते आता हाताच्या अंतरावर आलं होतं. त्याने दोन्ही मुठी भरून केस धरले आणि अंगातली सगळी ताकद लावून ओढले.

"आ!" सेफदादा ओरडले. वैदेही सोडवायला धावली.

फोनमधून एकदम मोठा आवाज आला. दोर्सिला. कुठूनशी येऊन ती खुर्चीत नाही, थेट मार्थाच्या खांद्यावरून पडद्यात घुसली होती. तोंडभर हसत होती आणि हात नाचवत काहीतरी ओरडत होती. पुन्हा पुन्हा तेच. सेफदादांचा चेहरा बदलला. मी विचारलं, "काय म्हणतात त्या?"

मार्थाला हसू आवरत नव्हतं. "आजी त्या बाळाला सांगते, ओढ! अजून ओढ! अठ्ठावन्न वर्षांचं माझ्या वाटचं पण ओढ!"

वैदेही हात पुढे करून तशीच थांबली. सेफदादांनी कात्री मांडीशेजारी ठेवली, आणि हरिहरचा हात नीट पोचावा म्हणून डोकं आणखी खाली वाकवलं.